शेजारच्या टाकीचं विरजण

मी आजवर केलेल्या पापांपैकी सगळ्यात स्वच्छ पाप मी भर दुपारी, चार मैत्रिणींच्या साक्षीनं, रबरी हातमोजे घालून केलं. त्याआधी आम्ही समोसे खाल्ले आणि नंतर एकमेकींचे फोटो काढले. फोटोत आम्ही पाचही जणी इतक्या समाधानानं हसतोय की ते बघून कुणीही म्हणावं, या बायकांनी आज नक्की कुणाचं तरी भलं केलंय.

आमची चौऱ्याऐंशी घरांची वसाहत मारतहळ्ळीला आहे. मागच्या भिंतीपलीकडे एक तळं आहे. त्यात बगळे उभे असतात, आणि ते अजून उभे आहेत याचं श्रेय आमच्या तळघरातल्या टाकीला जातं. बेंगळुरूत आमच्यासारख्या वसाहतींना आपलं सांडपाणी आपणच शुद्ध करावं लागतं. चौऱ्याऐंशी स्वयंपाकघरांचं आणि त्याहून दुप्पट न्हाणीघरांचं पाणी त्या टाकीत उतरतं, तिथं ते रात्रंदिवस हवेनं घुसळलं जातं, आणि त्यातले कोट्यवधी जिवाणू आमची घाण खाऊन टाकतात. शुद्ध झालेलं पाणी बागेला आणि आमच्याच फ्लशला परत येतं. उरलेलं तळ्याकडे जातं. आपण जे खाली सोडतो ते फिरून आपल्याकडेच येतं, हे तत्त्वज्ञान शिकायला लोक लांबलांबच्या आश्रमात जातात. आमच्याकडे त्यासाठी नुसती साखळी ओढावी लागते.

ही टाकी सांभाळणारा माणूस बीदरकडचा. वय माझ्याइतकंच, पन्नाशीच्या अलीकडे पलीकडे. बोली अशी की एका वाक्यात मराठी, कानडी आणि दख्खनी तिघी एकाच बाकावर बसलेल्या. सगळी वसाहत त्यांना अण्णा म्हणते. रोज सकाळी सात वाजता अण्णा टाकीतलं तपकिरी पाणी काचेच्या लांब नळकांड्यात भरून खिडकीत ठेवतात आणि अर्धा तास त्याच्याकडे बघत बसतात. गाळ हळूहळू खाली बसतो, वर पाणी नितळ होतं. नळकांड्यावरच्या तीनशेच्या रेघेजवळ गाळ थांबला की अण्णा म्हणतात, "सरी." म्हणजे ठीक. मग ते चहा पितात. गाळ वर तरंगत राहिला तर चहा नाही.

आता माझ्याबद्दल थोडं. सोसायटीच्या पाणी आणि सांडपाणी उपसमितीची मी प्रमुख आहे. ही निवड एकमतानं झाली, कारण त्या बैठकीला मी हजर नव्हते. पण एकदा भूमिका मिळाली की ती जीव ओतून करायची, हा आमचा नागपूरचा शिरस्ता. हौशी नाटकांत मी तीस वर्षं दासी, शेजारीण आणि दोनदा भूत झाले आहे. प्रमुख प्रथमच झाले.

गेल्या वर्षी मी एक मोहीम काढली. घराघरांत उरलेली औषधं असतात. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या डब्यात टाकायच्या, ही आपली पद्धत. दोनेक वर्षांनी डबा भरला की कुणी ते कचऱ्यात टाकतं, कुणी संडासात. तिथून ते पाण्यात, तळ्यात. माशांनी कुठलीही तक्रार केलेली नसताना त्यांना रक्तदाबाची गोळी मिळते, आणि रोगजंतूंना अँटिबायोटिक्सची थोडीथोडी सवय होऊन ते इतके निर्ढावतात की उद्या खरोखर गरज पडेल तेव्हा तेच औषध त्यांना चाटून जातं. हे मला फार गंभीरपणे पटलं होतं, अजूनही पटतं. म्हणून मी क्लबहाउसमध्ये एक पेटी ठेवली आणि उद्घाटनाला स्वतः माशाच्या वेषात उभी राहिले. शेपटी योगासनाच्या चटईची होती.

"मी मासा आहे," मी सांगितलं. "आज सकाळी मी कोलेस्टेरॉलची गोळी घेतली. ती माझी नव्हती. ती चौथ्या मजल्यावरच्या काकांची होती."

चौथ्या मजल्यावरचे काका पहिल्या रांगेत बसले होते. ते नंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण पेटीत पहिली पिशवी त्यांचीच पडली.

पेटी तीन आठवड्यांत चार वेळा भरली. पाचांतल्या तीन कॅप्सूल संपलेली पाकिटं, अमेरिकेहून आलेल्या, घोड्याला पुरतील एवढ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, खोकल्याची औषधं, जखमा धुवायची औषधं, मुलं आता कॉलेजात गेली तरी जपून ठेवलेली त्यांची तापाची गोड औषधं. आणि जोडीला, लॉकडाऊनमध्ये घाबरून आणलेले आणि तेव्हापासून गॅलरीत उभे असलेले जंतुनाशकाचे पाच-पाच लिटरचे कॅन. ते आम्ही मागितलेही नव्हते. लोक म्हणाले, "हेही औषधच की."

जुनी औषधं भट्टीत जाळणारी एक संस्था मी शोधून काढली. त्यांनी फोनवर सांगितलं, "गोळ्या आणि कॅप्सूल आम्ही नेऊ. बाटल्या आणि कॅन आमच्याकडे घेत नाहीत."

म्हणजे बाटल्या सुक्या कचऱ्यात. आणि इथंच आमचा घात झाला. बेंगळुरूचा सुका कचरा म्हणजे काय चीज आहे, हे इथं राहिल्याशिवाय कळत नाही. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून द्यायची. दह्याचा डबा धुऊन द्यायचा. कचरा न्यायला येणाऱ्या बाईंनी एकदा माझी न धुतलेली ताकाची पिशवी दोन बोटांत धरून, फाटकासमोर सगळ्यांदेखत, एक शब्द न बोलता मला परत केली होती. त्या दिवसापासून माझ्या घरातून जाणारा कचरा माझ्या घरातल्या भांड्यांपेक्षा स्वच्छ असतो.

तेव्हा शनिवारी दुपारी वसाहतीतल्या आम्ही पाच मराठी बायका क्लबहाउसच्या स्वयंपाकघरात जमलो. चकल्या पाडायला बसावं तशी वाटणी झाली. दोघी पाकिटांतून गोळ्या काढत होत्या, त्या बरण्यांत जपून भरल्या. दोघी बाटल्या उघडून सिंकमध्ये रिकाम्या करत होत्या. मी विसळत होते. प्रत्येक बाटली तीनदा. गुलाबी, नारिंगी, जांभळं पाणी जाळीतून खाली जात होतं आणि सगळ्या खोलीला संत्र्याच्या गोळीचा वास सुटला होता. जंतुनाशकाचे नऊ कॅनही आम्ही एकामागून एक रिकामे करून स्वच्छ धुतले. संध्याकाळी बाटल्या ओट्यावर ओळीनं पालथ्या घातल्या तेव्हा त्या इतक्या चकचकीत दिसत होत्या की पुण्याची मैत्रीण म्हणाली, "दिस इज सो सॅटिस्फाइंग, यार."

पाच बायका. चार पदव्युत्तर. एकीचा विषय रसायनशास्त्र. एकीच्याही डोक्यात आलं नाही की त्या जाळीखाली काय आहे.

सोमवारी सकाळी अण्णांनी चहा घेतला नाही.

मंगळवारी वास वर आला. आधी तळमजल्यावर, मग लिफ्टमध्ये. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबून तो प्रामाणिकपणे वाटत होती. टाकीवर पांढरा फेस फुगला होता आणि खालचं पाणी काळं पडलं होतं. अण्णांनी सोमवारीच तळ्याकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला, फ्लशकडे जाणारं पाणीही तोडलं, आणि काळं पाणी उपसून न्यायला टँकर बोलावले. परिणामी चौऱ्याऐंशी घरांतल्या लोकांना संडासात बादली घेऊन जावं लागलं. इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या माणसाला सकाळी आठ वाजता बादली भरावी लागली की त्याला आधी दोषी माणूस लागतो, कारण नंतर चालतं.

आमचे अध्यक्ष मुंबईचे. कुठल्याशा कंपनीत धोके ओळखण्याचं खातं सांभाळतात. त्यांनी मला फोन केला.

"ऑपरेटर झोपला असणार. हवेचा पंप बंद राहिला असणार. दुसरं काय होऊ शकतं?"

"अण्णा झोपत नाहीत हो," मी म्हटलं.

"मॅडम, टाकी अशी एका रात्रीत मरत नाही. पुढच्या रविवारच्या बैठकीत विषय घेतोय. ऑपरेटर बदलायचा. तोवर तुम्ही कारण शोधून काढा, म्हणजे रेकॉर्डला राहील."

मी खाली गेले. अण्णा टाकीच्या कठड्यावर बसले होते. आत बघत म्हणाले, "किडे मेले मॅडम. सगळे. कुणीतरी विष घातलं."

"अध्यक्ष तुम्हाला काढायचं म्हणतायत."

"ऐकलंय." त्यांनी शेजारची काठी उचलली. "पोरगी यंदा नर्सिंगला गेली. दुसरं वर्ष पुढं हाय." एवढंच म्हणाले आणि काठीनं फेस बाजूला सारू लागले.

मला असा काही संताप आला. मी ठरवलं, गुन्हेगार शोधायचा. मंगळवार-बुधवार मी वही घेऊन घराघरांत गेले, आणि तो माझ्या आयुष्यातला फार रमणीय काळ होता. लोकांची न्हाणीघरं बघायला मिळणं म्हणजे काय सुख असतं ते मी इथं सविस्तर सांगणार नाही. एका घरात फरशीसाठी अ‍ॅसिडच्या सात बाटल्या निघाल्या. एका घरात कमोडमध्ये निळी वडी लोंबत होती. मी विचारलं ही कशासाठी, तर घरमालक म्हणाले, "पाणी निळं दिसतं." तुंबलेली मोरी उघडायची पूड, झुरळांचं औषध, केसांचा रंग. मी प्रत्येकाला उभ्यानं भाषण दिलं. एका बिचाऱ्या नवविवाहित जोडप्याला तर मी फिनेलच्या एका बाटलीवरून असं झापलं की नवरा म्हणाला, "आँटी, आम्ही ती अजून उघडलेलीच नाही."

बुधवारी संध्याकाळी मी अकरा संशयितांची यादी घेऊन अण्णांकडे गेले आणि आवाजात योग्य तो कंप आणून ती वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकून घेतली. मग म्हणाले, "या जरा."

ते मला क्लबहाउसच्या मागे घेऊन गेले. तिथल्या गटाराच्या चेंबरचं झाकण त्यांनी पहारीनं उचललं. आतून संत्र्याचा वास आला. त्यामागून पोहण्याच्या तलावाचा. चेंबरच्या सिमेंटवर गुलाबी ओघळ वाळले होते.

अण्णांनी खिशातून चार झाकणं काढून माझ्या तळहातावर ठेवली. खोकल्याच्या औषधाबरोबर येतात ती, पारदर्शक, पाच मिली, दहा मिली अशा रेघांची. धुऊन, पुसून आणलेली.

"जाळीत अडकलेली. हे कुणाचं असंल मॅडम?"

नाटकात प्रवेश विसरलेल्या नटाचं जे होतं ते माझं झालं. मला म्हणायचं होतं, माझं. पण मी म्हटलं, "बघते." आणि झाकणं मुठीत धरून घरी आले.

त्याच संध्याकाळी आमची पाच जणींची गुप्त बैठक झाली. पुण्याची म्हणाली, "लेट्स नॉट ओव्हररिअ‍ॅक्ट. कुणाला कळणारे?"

रसायनशास्त्रवाली डोकं धरून बसली होती. "जंतुनाशक," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "जंतू मारायला असतं ते. लेबलवर लिहिलेलं असतं."

"आधी टाकी बरी करू," मी म्हटलं. "टाकी बरी झाली तर अण्णांना कोण काढणारे? आणि मग कुणी काही सांगायची गरजही नाही." हे म्हणताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला नाही, पण योजना म्हणून ती वाईट नव्हती.

"पण बरी कशी करणार?"

तेव्हा आमच्यातल्या पाचव्या, अक्का, बोलल्या. अक्का माझ्या शेजारच्या. सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, त्यामुळे त्यांच्या मराठीला कानडी फोडणी आहे, आणि आमच्यासारख्या पुण्या-नागपूरहून परवा आलेल्यांना त्या पाहुणे समजतात.

"अगे, यात काय एवढं. तुझं दही लागलं नाही तर काय करतेस?"

"शेजारून विरजण आणते."

"मग आण की. शेजारच्या टाकीतलं."

आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. रसायनशास्त्रवालीनं डोकं सोडलं. "अक्का बरोबर बोलतायत," ती म्हणाली. "जिवंत गाळ हवा. दुसऱ्या टाकीतला."

अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "तेच पायजे. पण देणार कोण?"

हा प्रश्न साधा नव्हता. टँकरनं आणता येईल एवढ्या जवळची मोठी टाकी एकच, रस्त्यापलीकडच्या वसाहतीची. आणि त्या वसाहतीबद्दल दोन वर्षांपूर्वी, त्यांचं फेसाळ पाणी तळ्यात जातं म्हणून, सह्या गोळा करून तक्रार कुणी केली होती? तुम्ही ओळखलंत. त्या निवेदनाला मी शीर्षकही दिलं होतं, आणि ते सभ्य नव्हतं.

गुरुवारी दुपारी मी आणि अक्का तिकडे गेलो. अक्कांच्या हातात स्टीलचा डबा होता, तिखटमिठाच्या पुऱ्यांनी भरलेला. "विरजण मागायला रिकामं भांडं घेऊन जात नाहीत," त्या म्हणाल्या.

तिथले सचिव म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. कन्नड माणूस, ताठ कण्याचा. त्यांनी मला बघितलं आणि चष्मा पुसला.

"तुम्ही," ते इंग्रजीत म्हणाले.

"मी," मी म्हटलं.

मग अक्कांनी सूत्रं हाती घेतली. कानडीत त्यांनी डबा पुढे केला, त्यांच्या गावाची चौकशी केली, त्यांच्या पत्नीच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग हलकेच म्हणाल्या, "आमच्याकडे हेप्पु संपलंय. तुमच्याकडचं स्वल्प द्याल?"

हेप्पु म्हणजे कानडीत विरजण. मुख्याध्यापकांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग अक्कांनी बोटानं खाली, जमिनीकडे दाखवलं. ते समजायला त्यांना चार सेकंद लागले आणि त्यानंतर ते हसायला लागले ते थांबेनात. त्यांची पत्नी बाहेर आली, तिला त्यांनी सांगितलं, मग तीही हसायला लागली.

"या बाईंनी तक्रार केली म्हणून आम्ही टाकी नीट केली," ते मला दाखवत तिला म्हणाले. "आज या भागात आमच्याइतकी तंदुरुस्त टाकी नाही. घ्या. पाहिजे तेवढं घ्या. यांचेच उपकार यांना परत."

मी मान खाली घातली. नम्रपणाचा अभिनय मला कधीच जमला नव्हता, त्या दिवशी करावा लागला नाही.

"पण एक आहे," त्यांची पत्नी म्हणाली. "दिवे लागल्यावर हेप्पु देत नाहीत. आज न्यायचं तर उजेडात न्या. नाहीतर उद्या."

उद्या टँकर मिळणार नव्हता, तो लग्नसराईतल्या बँडसारखा आधीच ठरलेला होता. आणि अण्णा सांगत होते की एक दिवस आणखी गेला तर टाकी पूर्ण उपसावी लागेल. मी म्हणणार होते की बाई, हे सांडपाणी आहे, याला कसली तिन्हीसांज. पण अक्कांनी माझा दंड असा दाबला की मी गप्प बसले. "सरी," अक्का म्हणाल्या. "शास्त्र ते शास्त्र."

साडेचार वाजले होते. टँकर मारतहळ्ळीच्या पुलाखाली अडकला होता. तिथं सायंकाळी अडकलेली वाहनं पाहून मला नेहमी वाटतं की यातली काही कालचीच असावीत. मी गच्चीवर जाऊन सूर्याकडे लक्ष ठेवलं, पुण्याची गाडीवाल्याशी फोनवर होती, अक्का आणि मुख्याध्यापकांची पत्नी फाटकाशी खुर्च्या टाकून पुऱ्या खात होत्या. साडेपाचला टँकर आला, गाळ भरला, रस्ता ओलांडायला पंधरा मिनिटं. अण्णांनी नळी जोडली आणि घट्ट तपकिरी विरजण आमच्या टाकीत पडायला लागलं. दुसरी खेप भरेपर्यंत सूर्य समोरच्या काचेच्या इमारतीमागे गेला होता. मुख्याध्यापकांच्या घरात दिवा लावायची वेळ झाली. त्यांची पत्नी खुर्चीतून हलली नाही. "आज मला गुडघ्यामुळे उठायला उशीर होतोय," ती म्हणाली, आणि टँकर फाटकाबाहेर पडल्यावर सावकाश आत गेली.

नव्या जिवाणूंना सुरुवातीला गूळ लागतो, असं अण्णा म्हणाले. त्यानंतर रोज सकाळी पाच बायका पदराआड, ओढणीआड, लॅपटॉपच्या पिशवीत गूळ घेऊन तळघरात जायच्या. अण्णा तो बादलीत विरघळवून टाकीत सोडायचे. असा लपवून का आणता, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पहिले चार दिवस नळकांड्यात काही बसेना. सातव्या दिवशी फेस तपकिरी झाला. नवव्या दिवशी टाकीला ओल्या मातीचा वास आला, आणि दहाव्या दिवशी, म्हणजे बैठकीच्या आदल्या दिवशी, अण्णांनी चहा घेतला. मला वाटलं, सुटले.

रविवारी क्लबहाउस भरलं होतं. अध्यक्षांनी पडद्यावर आलेख दाखवले. मग म्हणाले, "आपली टाकी पूर्ववत झालेली आहे. याचं संपूर्ण श्रेय आपल्या उपसमितीच्या प्रमुख मॅडमना. त्यांनी घरोघरी तपासणी केली, शेजारच्यांशी संबंध सुधारले, गाळ आणवला." टाळ्या. पुण्याच्या मैत्रिणीनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. "आता दुसरा विषय. ऑपरेटर. टाकी सुधारली तरी निष्काळजीपणा झालाच. शिवाय त्यानं कुणाला न विचारता व्हॉल्व्ह बंद केला, सगळ्यांना त्रास झाला. तेव्हा या महिन्यानंतर त्याला सोडावं असा प्रस्ताव आहे."

अण्णा मागे दारापाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी आणखी दोन मिनिटं काढली असती.

मी उभी राहिले. "अध्यक्ष महाराज, गुन्हेगार सापडलाय. सभागृहातच आहे. तुम्ही आत्ता त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्यात."

कुणाला काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. पेटी, बाटल्या, तीन तीन वेळा विसळणं, नऊ कॅन. माशाचा वेष नव्हता तरी लोक माशाकडे बघावं तसे बघत होते. अध्यक्षांनी त्याच शनिवारी आमचा फोटो 'आदर्श वसाहत' असं लिहून ग्रुपवर टाकला होता, हेही मी सांगितलं, कारण ते सांगण्याची गरज नव्हती.

पुण्याची उभी राहिली. "टेक्निकली, कॅन मी ओतले."

"बाटल्यांवरची लेबलं मी वाचली होती," रसायनशास्त्रवाली म्हणाली. "मोठ्यानं."

अक्का बसूनच म्हणाल्या, "मी फक्त गोळ्या काढल्या. पण समोसे माझे होते."

ज्या नवविवाहित जोडप्याला मी फिनेलवरून झापलं होतं, ते आधी हसलं. मग चौथ्या मजल्यावरचे काका हसले, आणि ते खूप वेळ हसले. त्यांचं हसणं मी व्याजासकट स्वीकारलं.

अध्यक्ष मात्र हसले नाहीत. ते मागे वळून म्हणाले, "अण्णा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय साहेब. चेंबर उघडलं तवाच."

"मग सांगितलं का नाही? तुमची नोकरी जात होती."

"टाकीला काय झालं ते सांगणं माझं काम. कुणी केलं ते ज्यानं केलं त्यानं सांगावं."

"आणि व्हॉल्व्ह? विचारायचं तरी होतं."

"इचारलं असतं तर तुमी मीटिंग बोलावली असती. तवर काळं पाणी तळ्यात. तिथं मासे हायत, बगळे हायत. संडासाला बादली चालती साहेब. बगळ्याला काय चालतं?"

काकांनी हात वर केला. "मी त्यांना ठेवावं असं सुचवतो," ते म्हणाले. "आणि यापुढे क्लबहाउसच्या सिंकमध्ये चहा ओतायचा असेल तरी अण्णांना विचारावं." हात भराभर वर गेले. शेवटी अध्यक्षांचाही गेला. त्याच बैठकीत नियम झाला: औषधाच्या बाटल्या धुवायच्या नाहीत, झाकण घट्ट लावून वेगळ्या पेटीत ठेवायच्या, आणि पातळ औषधं नेणारी संस्था शोधायची. ती कुणी शोधायची, यावर चर्चा झालीच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

अध्यक्ष अण्णांना म्हणाले, "तुम्हाला काही मागायचंय?"

अण्णांनी मान खाजवली. "चार दिवस गावाकडं जायचंय. पोरगी सुट्टीला आलीय, तिला हॉस्टेलला परत सोडायचं होतं, या गडबडीत ऱ्हायलं. पण इथं टाकी बघायला माणूस पायजे."

पुन्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

अण्णांनी मला दोन दिवस शिकवलं. सकाळचा पंप, दुपारचा पंप, कुठल्या चाकाला हात लावायचा नाही. मग ते बीदरच्या गाडीत बसले आणि मी तळघरात, रबरी बूट घालून. पंपांच्या आवाजात मी स्वतःशी संवाद म्हणून पाहिले, पण तिथं मागच्या रांगेपर्यंत कुणाचाच आवाज पोचत नाही.

मंगळवारी सकाळी साडेसातला फोन आला.

"काय करलालाव मॅडम? रंग कसा हाय?"

"अण्णा, काय सांगू. सकाळच्या कोवळ्या उन्हात ओलावलेल्या मातीसारखा, त्यावर साय धरावी तसा—"

"भाषण नको. गाळ किती?"

मी नळकांड्याजवळ डोळा नेला. "तीनशे वीस."

"सरी. आता दोन नंबरचा पंप चालू करा, एक नंबर बंद करा. आधी चालू, मग बंद."

मागून मुलीचा आवाज आला, कुणाशी बोलताय बाबा. अण्णा म्हणाले, "माझ्या हाताखाली एक बाई हाय," आणि फोन ठेवला.

मी पंप बदलला. दहा मिनिटांनी मी त्यांना परत फोन लावला, कारण कुठला एक नंबरचा आणि कुठला दोनचा, हे मी विचारलंच नव्हतं.